बर्फ नसलेली पाटी

१

ॲल्मा ट्वेट मंगळवारी सकाळी सात चाळीसला गेली, आणि तिला उडवणाऱ्या माणसाला तुरुंगात धाडायला निघालेल्या साक्षींमध्ये सगळ्यात भक्कम साक्ष माझी होती.

कारण तो चौक माझा. सीडर रस्ता चर्चच्या रस्त्याला छेदतो तिथे मी, बर्निस सोबझॅक, शाळेच्या दिवशी सकाळ-दुपार नारिंगी जाकीट घालून उभी असते. हातात दांड्याची लाल थाळी, तिच्यावर 'थांबा'. पोरांना रस्ता ओलांडून देणं हे माझं काम, आणि यंदा त्याला बावीस वर्षं झाली. चौकाच्या चारी तोंडांना 'थांबा'च्या अष्टकोनी पाट्या आहेत, तरी मला कुणी काढून टाकलेलं नाही, कारण पाटीला डोळे वटारता येत नाहीत.

टॅमरॅक बेंडच्या दोन हजार लोकांना मी तोंडावरून कमी आणि ब्रेकवरून जास्त ओळखते. डॉक्टरांची बायको थांबल्यासारखं करते आणि घरंगळत निघून जाते. आमचे पाद्री पूर्ण थांबतात आणि मग बाकीच्या तिन्ही गाड्यांना 'आधी तुम्ही' असा हात करतात. तेही उलट हात करतात आणि चारी गाड्या तिथेच सौजन्यानं गारठत बसतात. पण थांबतात सगळे. सहा वर्षांपूर्वी पाट्या लागल्यापासून आमचे पाय तिथे आपसूक ब्रेकवर जातात.

त्या मंगळवारी बर्फामुळे शाळा बंद होती, म्हणून मी चौकात नव्हते. सातला बहिणीकडे जाताना पश्चिमेकडून चौकात आले, थांबले, पुढे गेले. चाळीस मिनिटांनी त्याच बाजूनं पावाची गाडी आली ती थांबलीच नाही. ॲल्मा चर्चमध्ये ऑर्गनचा सराव करायला पायी निघाली होती. रँडी ब्रुमर, आमचा पोलीस, त्यानं विचारलं तेव्हा मी छातीठोक सांगितलं, "पश्चिमेची पाटी सातला जागेवर होती. मी स्वतः थांबले." आणखी चौघांनी तेच सांगितलं.

गाडीवाला एकच गोष्ट धरून बसला होता. तिथे पाटी नव्हती, म्हणे.

मला त्याचा संताप आला होता. चाळीस वर्षं लग्नांना आणि मयतांना ऑर्गन वाजवणारी बाई मारायची आणि वर खोटं बोलायचं! गुरुवारी दुपारी मी कामावरून आले तर त्या माणसाची बायको माझ्या पायरीवर बसलेली होती.

२

ओदिलिया एस्कालांते तिचं नाव. तिशीची असेल. शहरातून दोन बस बदलून आली होती आणि थंडीनं ओठ निळे पडले होते. दारातच भांडायचं मी ठरवलं होतं, पण असल्या थंडीत आम्ही माणसाला आधी आत घेतो आणि कॉफी देतो, भांडण मागाहून.

"बाई, सोमवारी तो गुन्हा कबूल करणार आहे," ती म्हणाली. "वकील म्हणतात, पाच साक्षीदार आणि एक फोटो आहे, लढलात तर दहा वर्षं जातील. कबूल केलंत तर चार."

"मग करू दे की. चूक केली तर..."

"तो तर आता म्हणतोय की पाटी असेलही. तुम्हा पाच जणांचं ऐकून ऐकून त्याचा स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वास उडालाय. काल मला म्हणाला, मी त्या म्हातारीला मारलं आणि वर खोटंही बोललो, मी असला माणूस आहे का गं?" तिनं कपाळ माझ्या टेबलाच्या कडेवर टेकवलं. "तो असला माणूस नाही हो. आता त्याला ते कसं पटवू?"

तिनं पिशवीतून वकिलांनी दिलेली फोटोची प्रत काढली. ॲल्माला नेल्यावर, सव्वाआठच्या सुमाराला रँडीनं काढलेला फोटो. समोर पश्चिमेची पाटी, तिच्यामागे तिरकी उत्तरेची. दोन्ही जागच्या जागी होत्या. फोटोसमोर कोण काय बोलणार, असंच मला वाटलं.

"तो हातमोजा कुणाचा?" ओदिलियानं विचारलं. उत्तरेच्या खांबाच्या बोल्टवर एक लहानसा लाल मोजा अडकवलेला होता.

"कुणा पोराचा पडलेला. सापडला की आम्ही जवळच्या खांबाला अडकवतो. ज्याचा असेल तो येऊन नेतो. फेकत नाही कुणी."

"आणि ह्या पुढच्या पाटीला नाही अडकवत?"

"हिला कशाला..." मी बोलता बोलता थांबले.

कारण हिलाही होता. सोमवारी दुपारी मीच तो अडकवला होता. हिरवा मोजा, अंगठ्याला पिवळ्या लोकरीनं रफू केलेलं. पश्चिमेच्या खांबाला, पाटीच्या खालच्या बोल्टवर. कुणी नेला म्हणावं तर सोमवार संध्याकाळपासून बर्फ कोसळत होता आणि मंगळवारी पोरं बाहेरच पडली नव्हती.

मी खिडकीपाशी जाऊन फोटो उजेडात धरला. उत्तरेच्या पाटीच्या माथ्यावर चार बोटं बर्फ साचलेला होता. मागे चर्चच्या कुंपणावर बर्फ, पत्रपेटीवर बर्फ, क्लेटन हुपर्टच्या कठड्यावर बर्फ. पश्चिमेच्या पाटीवर मात्र चिमूटभरसुद्धा नव्हता. लख्ख लाल, नुकत्याच विसळून ठेवलेल्या ताटासारखी.

रात्रभर बर्फ पडत होता आणि ही पाटी बाहेर नव्हती. मग मी सातला काय बघून थांबले होते?

३

आमच्या गावात ती पाटी कुणाला नकोशी असेल तर क्लेटन हुपर्टला. चौकातलं कोपऱ्याचं घर त्याचं. त्या पाटीपायी रँडीनं त्याला चार वेळा दंड केला होता, आणि गावसभेत त्यानं सगळ्यांसमोर सांगितलं होतं की एक दिवस करवत घेऊन तो खांबच आडवा करीन. शुक्रवारी सकाळची पाळी संपल्यावर मी तडक त्याच्या दारात गेले.

"तू काढलीस का रे पाटी?"

"गुड मॉर्निंग तुलाही, बर्निस," क्लेटन म्हणाला. "कुठली पाटी?"

मी फोटो पुढे केला. त्यानं चष्मा लावून बराच वेळ पाहिला. थट्टा करणारा माणूस, पण चेहरा उतरला.

"मी काढली असती तर परत कशाला लावली असती? मी ती तळ्यात टाकून दिली असती."

"मग कुणी लावली? सव्वाआठच्या आत कुणीतरी लावली."

"मला विचारू नकोस. मी अंगणातला बर्फ ओढत होतो. ॲल्माला रस्त्यात उतरताना पाहिलं, आणि मग आवाज झाला तसा धावलो. तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं." त्यानं चष्मा काढला. "वळूनसुद्धा पाहिलं नाही गं तिनं. गाडी येतेय, तर ती थांबणारच, अशी निघाली. तिथे गाड्या थांबतातच ना. मीसुद्धा निदान हळू करतो."

"कोण कोण आलं होतं तेव्हा? आठव."

"रँडी आला. रुग्णवाहिका आली. ती घसरू नये म्हणून वेंडेल वाळू टाकायला आला. शेजारपाजारचे चार लोक. बाहेरचं कुणी नाही."

"अनोळखी माणूस, शिडीबिडी घेऊन?"

"शिडी घेऊन कुणी आलं असतं तर मला दिसलं नसतं का?"

तिथून मी पोलीसचौकीत गेले. चौकी म्हणजे अग्निशमनाच्या गॅरेजमागची एक खोली आणि त्यात रँडी. तो सातवीत असताना मी त्याला हात धरून रस्ता ओलांडून दिलाय, त्यामुळे तो गणवेशातही माझ्यासमोर जरा आखडूनच बसतो.

"बर्निसबाई, बर्फ पडून गेला असेल वाऱ्यानं."

"एकाच पाटीवरचा? फुंकर मारून?"

"कुणी पुसली असेल."

"तू पुसलीस का?"

"मी नाही." त्यानं टोपी टेबलावर ठेवली. "हे बघा, तुम्ही स्वतः सातला तिथे थांबलात. तुमच्या जबाबाखाली तुमची सही आहे. तुम्ही हवेला बघून थांबलात का? सरकारी वकिलांना मी काय सांगू, बाईंना मोजा सापडत नाही म्हणून माणसाला सोडा?"

"रँडी, मी थांबले एवढं मला आठवतं. पाटी बघितलेली आठवत नाही."

"दोन्ही एकच."

तिथेच तर सगळं अडकलं होतं. कालपर्यंत मलाही ते एकच वाटत होतं.

४

शुक्रवारी दुपारची पाळी मी बदली बाईला दिली आणि ओदिलियाबरोबर जिल्ह्याच्या कोठडीत गेले. तिचा नवरा रामिरो मला वाटला होता तसा नव्हताच. मी कुणी बेदरकार पोरगा डोळ्यांसमोर आणला होता. काचेपलीकडे बसला होता चाळिशीचा, खांदे पडलेला माणूस, आणि मी कोण हे कळताच त्यानं आधी माफी मागितली.

"त्या तुमच्या मैत्रीण होत्या?"

"होती. आता मला सांग, तू काय पाहिलंस."

"काय सांगू, बाई? पाटी असेल. सगळे म्हणतात तर असेल."

"सगळ्यांचं सोड. तुझं सांग."

तो डोळे मिटून बसला. "त्या भागात माझा तिसराच दिवस होता, आणि त्या चौकात पहिलाच. नव्या रस्त्यावर पहिला आठवडाभर मी दुसरं काही बघत नाही, नुसत्या पाट्याच बघतो. रस्त्याचं नाव, वेग, थांबा. त्या चौकात मी उजवीकडे पाहिलं होतं, खांब शोधत. बर्फाच्या ढिगाऱ्यातून एक वीतभर खुंट वर आला होता. मला वाटलं, नळाचा असेल." मग त्यानं डोळे उघडले आणि मान हलवली. "का मी हे मनानंच रचलंय? सोमवारी एकदा कबूल केलं की बरं. रोज रात्री ती पाटी मला कधी दिसते, कधी दिसत नाही. मला वेड लागेल."

"सोमवारपर्यंत तोंड उघडू नकोस," मी म्हणाले, पण माझाच आवाज मला खरा वाटला नाही. माझ्या हातात होतं काय? एक फोटो, एक हरवलेला मोजा, आणि माझीच सही असलेला माझाच जबाब.

परत येताना बसमध्ये ओदिलिया माझ्या खांद्यावर डोकं टाकून झोपली आणि मी त्या खुंटाचा विचार करत राहिले. आमच्याकडे पाट्यांचे खांब दोन तुकड्यांचे असतात. खालचा खुंट जमिनीत पुरलेला, वरचा खांब त्याला दोन बोल्टांनी जोडलेला, म्हणजे धक्का बसला तर वरचाच तुटावा. पाना असेल तर चार मिनिटांत तो पुन्हा जोडता येतो, शिडीची गरज नाही. रामिरोनं खुंट रचला नव्हता. पावाच्या गाडीवाल्याला हे कुठून सुचणार?

म्हणजे नवख्या माणसानं चौक डोळ्यांनी पाहिला होता आणि आम्ही पाच जणांनी पायांनी. पण कोर्टात हे सांगितलं असतं तर लोक हसले असते. ते दाखवावं लागणार होतं, आणि दाखवायचा एकच रस्ता मला दिसत होता. तो बेकायदा होता.

५

शनिवारी सकाळी सातला मी क्लेटनची शिडी आणि माझी एक जुनी पांढरी चादर घेऊन पश्चिमेच्या पाटीवर चढले. शिडी क्लेटननं धरली.

"सहा वर्षं मी ह्याची वाट बघतोय," तो म्हणाला, "आणि करायचं ते तू करावंस!"

चादर पाटीवरून ओढून मागे पिना लावल्या. पाठीमागे पांढरं आभाळ, खाली पांढरा रस्ता. शाळा नव्हती, पोरं नव्हती. मी क्लेटनच्या कठड्याआड उभी राहिले, लाल थाळी पाठीमागे धरून. कुणी पायी आलं असतं तर मी सगळं तिथेच थांबवणार होते.

पहिली गाडी डॉक्टरांच्या बायकोची. हळू झाली, घरंगळली, गेली. मग दूधवाला पूर्ण थांबला. मग पाद्री, थांबले, रिकाम्या चौकातही सवयीनं हात केला आणि गेले. आठपर्यंत पश्चिमेकडून एकोणीस गाड्या आल्या. एकोणीसच्या एकोणीस, ज्याच्या त्याच्या रीतीनं, चादरीसमोर थांबल्या. मान कुणीच वर केली नाही.

विसावी गाडी रँडीची. थांबला. मी जाऊन काचेवर टकटक केली.

"रँडी, ही पाटी जागेवर आहे का?"

"कुठली? ही? आहे की." त्यानं वर पाहिलंसुद्धा नाही.

"शपथेवर सांगशील?"

"बर्निसबाई, पुन्हा सुरू करू नका. मी थांबलो ना? पाटी आहे म्हणूनच थांबलो."

"वर बघ."

त्यानं पाहिलं. कितीतरी वेळ तो चादरीकडे बघत होता, तोंड अर्धवट उघडं टाकून. आणि तेवढ्यात त्याच्या मागून, पश्चिमेकडूनच, लाकडाचा ट्रक आला. परगावचा. पोलिसाची गाडी बंद पडलेली समजून तो बाजूनं वळसा घालून सरळ चौकात निघाला, आणि आडव्या रस्त्यानं ग्वेन फॉस, आमची ग्रंथालयातली बाई, बिनघोर गाडी पुढे काढत होती.

मी धावले. सहासष्ट वर्षांची बाई बर्फावर जेवढी धावू शकते तेवढी, थाळी डोक्यावर धरून, ओरडत. ट्रकची चाकं घसरली आणि त्याचं नाक माझ्या थाळीपासून हातभर अंतरावर येऊन थांबलं.

ट्रकवाला काच खाली करून ओरडला, "म्हातारे, मरायचंय का? इथे थांबायचं असतं तर पाटी कुठे आहे?"

रँडी गाडीतून उतरला होता. "पाटी कुठे आहे," तो स्वतःशीच म्हणाला आणि शिडी आणायला गेला.

६

चादर उतरवता उतरवता रँडी म्हणाला, "मानलं. तुम्ही पाचही जणांनी पाटी बघितली नव्हती. पण ती नव्हतीच, हे कुठे सिद्ध झालं? आणि नसली तर काढली कुणी, लावली कुणी? आमच्या सगळ्यांसमोर?"

ग्वेन अजून कापत होती. तिला कॉफी द्यायला क्लेटननं आत नेलं होतं. मीही आत गेले आणि सहज, तिचं मन दुसरीकडे वळावं म्हणून, हिरव्या मोज्याबद्दल विचारलं.

"पिवळं रफू? तो ग्रंथालयात आहे ना," ग्वेन म्हणाली. "दारातल्या हरवलेल्या वस्तूंच्या पेटीत. बुधवारी वेंडेलनं आणून टाकला. म्हणाला, वाळूच्या गाडीच्या मागे सापडला, कुणा पोराचा असेल."

क्लेटननं माझ्याकडे पाहिलं. रुग्णवाहिका घसरू नये म्हणून वाळू टाकायला वेंडेल आला होता. तो पाना घेऊन खांबाशी वाकलेला असता तर कुणाला दिसला असता? गावचे रस्ते बघणारा, त्यांवरचा बर्फ काढणारा एकुलता एक माणूस, अंगात नारिंगी जाकीट. त्याला खांबाशी बघणं म्हणजे खांब बघणंच.

मी ग्रंथालयातून मोजा घेतला आणि गावच्या वाळूच्या शेडकडे एकटीच गेले. रँडीला म्हटलं, मला अर्धा तास दे. वेंडेल क्रूसला मी चाळीस वर्षं ओळखते. गावातल्या प्रत्येक विधवेच्या दारातला बर्फ तो फुकट ओढतो, माझ्यासुद्धा. त्याच्या बायकोच्या मयताला ॲल्मानं ऑर्गन वाजवला होता.

ट्रकच्या तोंडाला लावून रस्त्यावरचा बर्फ बाजूला सारतात त्या नांगराची पाती तो घासत होता. मी मोजा बाकावर ठेवला. वेंडेल त्याच्याकडे बघत खाली बसला.

"तो टाकून दिला असतास तर मी तुझ्यापर्यंत पोचले नसते," मी म्हणाले.

"पोराचा मोजा कसा टाकून देणार, बर्निस?"

"किती वाजता लागला नांगर खांबाला?"

"पाचला. ढिगाऱ्यात दिसलाच नाही. खांब उचलून गाडीत टाकला. म्हटलं मोठा रस्ता मोकळा करतो, नाश्ता करतो आणि मग जोडतो."

"तात्पुरती पाटी ठेवायची असते. रँडीला कळवायचं असतं."

"असतं." त्यानं तोंडावरून हात फिरवला. "पण मला वाटलं, एवढ्या बर्फात बाहेरचं कोण येणार? आणि गावातलं कोण तिथे थांबत नाही? तूच सांग."

"सगळे थांबतात," मी म्हणाले. "मीही थांबले."

"रेडिओवर ऐकलं तेव्हा वाळू घेऊन गेलो. सगळे तिच्याभोवती होते. मी गाडी आडवी लावली आणि जोडली. का जोडली ते मला अजून कळलेलं नाही. हात आपले चालत होते. आणि मग रँडीनं फोटो काढला." त्यानं मोजा उचलून हातात घेतला. "अकरा हिवाळे मी तिच्या दारातला बर्फ ओढलाय, बर्निस."

"वेंडेल, तिकडे एक माणूस सोमवारी न केलेला गुन्हा कबूल करतोय. त्याला वाटतंय त्याला वेड लागलंय."

तो पात्याकडे बघत राहिला. दोन महिन्यांवर त्याची निवृत्ती होती, आणि गावानं त्याच्या निरोपाच्या जेवणाची तारीखसुद्धा ठरवली होती. मी वाट पाहिली. नंतर रँडी आला, त्यानं विचारलं, तेव्हाही वेंडेलनं मान वर केली नाही. रविवारी तो चर्चला आला नाही. नुसत्या मोज्यावरून आणि मी ऐकलेल्या शब्दांवरून सरकारी वकील हलणार नाहीत, असं रँडी म्हणाला. त्या रात्री मी ओदिलियाला फोन केला आणि काय सांगावं ते न सुचून नुसती रडले.

७

सोमवारी नऊला मी कोर्टात गेले ते माझा जबाब मागे घ्यायला. बावीस वर्षं ज्या बाईच्या हाताकडे बघून गावानं आपली पोरं रस्त्यावर सोडली, त्या बाईला उभं राहून सांगायचं होतं की मी डोळे उघडे ठेवून काही पाहिलंच नव्हतं. मला लाज वाटत होती, आणि भीती वाटत होती की तेवढ्यानं काही होणार नाही.

दालनाबाहेरच्या बाकावर वेंडेल बसला होता. अंगात बायकोच्या मयताचा काळा सूट, मांडीवर कागदात गुंडाळलेले दोन गंजलेले, वाकलेले बोल्ट.

"जुने आहेत," तो म्हणाला. "खांबाला मंगळवारी मी नवे लावले. रँडीला बघता येईल." मग हळूच म्हणाला, "आधी तू जा."

"नाही, आधी तू."

आम्ही दोघंही तिथेच बसून राहिलो, आणि शेवटी शिपायानं रामिरोचं नाव पुकारलं तेव्हा दोघं एकदमच उठलो.

रामिरो त्या संध्याकाळी सुटला. वेंडेलची शिक्षा पुढे ठरली. निरोपाचं जेवण झालं नाही. विधवांच्या दारातला बर्फ आता क्लेटन ओढतो आणि फार शिव्या देतो.

मार्चमध्ये बर्फ वितळल्यावर एका सकाळी मी चौकात उभी होते. पश्चिमेकडून एक जुनी गाडी आली, आत रामिरो आणि ओदिलिया. दोघं ॲल्माच्या थडग्यावर फुलं ठेवायला आली होती. गाडी पाटीपाशी थांबली, पूर्ण, पांढऱ्या रेषेच्या मागे. रामिरोनं मान वर करून पाटीकडे पाहिलं.

मग तो निघेचना. त्याच्यामागे दोन गाड्या आल्या, तीन झाल्या. भोंगा कुणी वाजवला नाही, आमच्याकडे वाजवत नाहीत. त्याचे दोन्ही हात चाकावर आवळलेले होते आणि तो नुसता त्या लाल पाटीकडे बघत होता. ओदिलिया त्याच्या दंडावर हात ठेवून काहीतरी बोलत होती.

मी रस्त्याच्या मधोमध गेले. थाळी वर धरून बाकीच्या तिन्ही बाजू अडवल्या. डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, खरोखर पाहिलं. मग त्याच्याकडे वळून हात केला.

"ये," मी म्हणाले. "रस्ता मोकळा आहे. मी बघितलंय."